दहा बाय आठ

माणसाचं डोकं धडापासून वेगळं करायला मला चार मिनिटं लागतात. केस कुरळे असतील तर सहा. डोक्यावर फेटा असेल तर दोनच, कारण फेट्याची कड सरळ असते, पेन टूलनं पटकन कापता येते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका गल्लीत फ्लेक्सचं दुकान आहे, तिथं मी डिझायनर आहे. स्थळं बघायला गेलो की समोरच्यांना आधी फक्त 'डिझायनर' ऐकू येतं आणि ते खूश होतात. मग 'फ्लेक्सचं दुकान' ऐकू येतं आणि चहा जरा लवकर बाहेर येतो.

चौकात उभं राहून तुम्ही ज्याला शिव्या घालता, तो फ्लेक्स मी बनवलेला असण्याची बरीच शक्यता आहे. शिव्या घाला, माझी हरकत नाही. मीही घालतो. घरी जाताना माझ्याच कामामुळं मला सिग्नल दिसत नाही.

पण दिवसाला पाच-सहा फ्लेक्स केले की माणसाला काही गोष्टी कळायला लागतात. कुणाला कुणाची गरज आहे, कोण कुणाला घाबरतो, कुणाची उधारी थकली आहे, हे पेपरात यायच्या आधी माझ्या स्क्रीनवर येतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहावं.

*

फ्लेक्सला व्याकरण असतं. सगळ्यात वर महापुरुष. त्यांच्याखाली राज्यपातळीचे नेते, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे. मधे ज्याचा वाढदिवस आहे तो, कमरेपर्यंत, हात जोडून किंवा मोबाइल कानाला लावून. मोबाइल कानाला लावलेला माणूस कुणाशी बोलत असतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण या पोजला मागणी आहे. आणि सगळ्यात खाली पट्टी. पट्टीत 'शुभेच्छुक' म्हणून दहा, पंधरा, वीस चेहरे, पासपोर्ट फोटोएवढे, खाली नाव.

लोक मधला माणूस बघतात. मी पट्टी बघतो. खरं राजकारण तिथं असतं. कोण डावीकडून पहिला, कोण दुसरा, कुणाचं डोकं शेजारच्यापेक्षा अर्ध्या इंचानं मोठं झालंय, यावरून मला रात्री साडेअकराला फोन आलेले आहेत. एकदा एका गृहस्थांनी दुकानात येऊन टेपनं स्क्रीन मोजली होती.

वरच्या ओळीचं तर विचारूच नका. आमच्या कॉम्प्युटरवर नेत्यांच्या कापून ठेवलेल्या फोटोंचं एक फोल्डर आहे. वर्षानुवर्षं ते नीट लावलेलं होतं, पक्षाप्रमाणं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि आमचं फोल्डर फुटलं. एका फोल्डरची दोन करून आम्ही हुश्श करतोय तोवर जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीची पाळी आली. त्या दोन उन्हाळ्या-पावसाळ्यांत आमच्याकडं येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचो, "साहेब सध्या कुठल्या फोल्डरमधे?" काही जण सरळ उत्तर द्यायचे. काही म्हणायचे, "दोन्ही बनवून ठेवा, उद्या सांगतो." आम्ही बनवून ठेवायचो. दुसऱ्या फाइलचे पैसे कुणी दिले नाहीत.

आणि मग 'भावी'. हा शब्द माझ्या आयुष्यात इतक्या वेळा टाइप झालाय की बोटं आपोआप तिकडं वळतात. भावी नगरसेवक, भावी आमदार, एकदा तर 'भावी लोकप्रिय नगरसेवक'. म्हणजे निवडून येणंही भावी आणि लोकप्रियताही भावी. प्रामाणिक माणूस होता.

कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आले, आणि मे २०२५ उजाडला तरी निवडणुकीचा पत्ता नव्हता. साडेचार वर्षं आमच्या शहरात एकही चालू नगरसेवक नव्हता, फक्त भावी होते. लोकशाहीच्या दृष्टीनं हे वाईट आहे हे मला कळतं. गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न आमच्या गल्लीलाही पडलेला होता. पण आमच्या धंद्याच्या दृष्टीनं बोलायचं तर भावी माणूसच फ्लेक्स लावतो. निवडून आलेला माणूस लावायचं कमी करतो, आणि हरलेला माणूस फोन उचलायचं बंद करतो.

उधारीची वही आमच्याकडं निळ्या पुठ्ठ्याची आहे. त्यातली काही पानं मालक उलटतसुद्धा नाहीत.

*

आता थोडा हिशोब. वीस बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे दोनशे चौरस फूट. बारा रुपये फुटानं चोवीसशे रुपये. लाकडी फ्रेम, बांबू, रात्री चढून लावणाऱ्या पोरांची मजुरी धरली की चार हजारांच्या आसपास. खालच्या पट्टीत सोळा चेहरे असतील तर प्रत्येकी अडीचशे. म्हणजे चार हजार.

कळलं ना? ज्याचा वाढदिवस, त्याचा एक रुपया जात नाही. जाहिरात त्याची, पैसे पट्टीचे. आणि पट्टीतली पोरं कोण असतात? पोलीस भरतीची तयारी करणारी, कुठल्या तरी अॅपचं जेवण पोचवणारी, एमआयडीसीत कंत्राटावर लागलेली, घरी 'बघतोय काहीतरी' असं सांगणारी. महिन्याला दोन-तीन वाढदिवस आले तर त्यांच्या पेट्रोलचे पैसे जातात. तरी ती येतात. कारण चौकात आपला चेहरा टांगलेला असणं म्हणजे काय, हे ज्याचा चेहरा कधीच कुठं टांगलेला नव्हता त्यालाच कळतं.

मी हे वरून बघितल्यासारखं लिहितोय, पण मी वर नाही. माझा पगार त्या अडीचशेंतूनच येतो. दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या घरात जो किराणा येतो, त्यात पट्टीतल्या पोरांच्या पेट्रोलचा वाटा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार आईच्या खात्यात आले, तेव्हा त्याच आठवड्यात मी त्याच योजनेबद्दल आभार मानणारे आणि श्रेय घेणारे अकरा फ्लेक्स केले. आई म्हणाली, "म्हणजे सरकार मला पैसे देतंय आणि ते मी घेतले म्हणून तुलाबी पैसे मिळत्यात?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "मग हे मूळचे कुणाचे?" मी म्हटलं, आपलेच. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेली.

*

माझे वडील पेंटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. भिंतीला रंग देणारे पेंटर नव्हेत, बोर्ड पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, तालमीचे फलक, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. कोल्हापुरात या शब्दाला एक वजन आहे, कारण इथं पेंटर हे आडनाव होऊ शकतं. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यातून बाबूराव पेंटर झाले आणि पुढं त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून सिनेमे केले. अण्णांच्या पिढीतल्या प्रत्येक बोर्ड पेंटरच्या मनात कुठंतरी ते असायचे. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली सही करताना तर नक्की असायचे.

अण्णांचं काम मी लहानपणी बघितलंय. पत्र्याला आधी अस्तर, ते वाळलं की दुसरा हात. मग निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना धरून मधे ताणून सोडायची, की पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटायची. याला सूत मारणं म्हणतात. एक टोक धरायचं काम माझं होतं. त्या रेघेखाली अक्षरं. ते म्हणायचे, "इंग्रजी अक्षर रेघेवर बसतंय. मराठी रेघेला लोंबतंय. दोरीवर वाळत घातलेल्या कापडागत. कापडाला वजन असतंय, ते दिसाय पायजे." कमर्शियल आर्टच्या कॉलेजात मी चार वर्षं टायपोग्राफी शिकलो. मंगल फाँटवाले र. कृ. जोशी, नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं करणारे कमल शेडगे, यांच्याबद्दल तिथं पहिल्यांदा कळलं. पण शिरोरेघेबद्दल मला अजूनही जे आठवतं ते कापडाचंच.

दहा बाय आठचा एक बोर्ड करायला अण्णांना तीन दिवस लागायचे. फ्लेक्सचं मशीन तेवढंच काम चहा येईपर्यंत करतं. पहिलं मशीन शहरात आलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. कुणीतरी नमुन्याचा तुकडा आणून दाखवला. अण्णांनी तो बोटांत धरून चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "ह्यो एक पावसाळा काढणार न्हाई."

फ्लेक्सनं पावसाळा काढला. अण्णांच्या धंद्यानं अजून तीन-चार काढले. नंतर ते एका बंगल्यांच्या सोसायटीत रात्रीच्या वॉचमनचं काम करू लागले. तिथल्या गेटवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी आहे, ती त्यांनी केली आहे. इतकी सुंदर अक्षरं आहेत की कुत्र्याची भीती वाटत नाही.

ज्या मशीननं त्यांचं काम घालवलं त्याच मशीनसमोर मी बसतो, याबद्दल आमच्यात कधी भांडण झालेलं नाही. सिनेमात झालं असतं. आमच्याकडं अण्णांनी एवढंच विचारलं, "पीएफ कापत्यात का?"

*

क्रिएटिव्हिटीबद्दल लोक फार गोड बोलतात. मला विचाराल तर माझ्या कामातला सर्जनशील भाग म्हणजे 'अभीष्टचिंतन' हा शब्द दरवेळी बरोबर लिहिणं. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर 'अभिष्ठचिंतन' पाठवतं. मी दुरुस्त करतो. कधीकधी प्रूफ बघून ते परत 'अभिष्ठ' करायला सांगतात, कारण शेजारच्या वॉर्डातल्या फ्लेक्सवर तसंच आहे. मग मी दोन मिनिटं विचार करतो की इथं लढायचं का. बहुतेक वेळा लढत नाही.

कॉलेजात असताना मला फाँट करायचे होते. एक टाइपसारख्या लोकांनी मुक्त, बालू असे देवनागरी फाँट केले आणि जगाला फुकट दिले, ते बघून वाटायचं की आपणही अण्णांची अक्षरं अशीच कॉम्प्युटरवर आणावीत. सुरुवात केली होती. क, ख, ग, घ झालं. मग जोडाक्षरं आली, आणि दुकान आलं. ते फोल्डर अजून आहे. त्याचं नाव 'अण्णा फायनल' आहे आणि त्यात चार अक्षरं आहेत.

आता एआय आलंय. मार्च २०२५ च्या शेवटी सगळ्या जगाला आपले फोटो घिबलीच्या कार्टूनसारखे हवे होते, तेव्हा आमच्याकडंही एका मंडळाचे अध्यक्ष घिबली होऊन गेले. मोठे डोळे, गुलाबी गाल, मागं डोंगर. प्रत्यक्षात ते बघितलेत तर तुम्ही पत्ता बदलाल. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर बनवलेली डिझाइनच घेऊन येतं आणि म्हणतं, फक्त छापून द्या. मराठी जोडाक्षरं त्यात बऱ्याचदा विचित्र येतात, 'शुभेच्छा'तला च्छ तर एखाद्या कोळ्यासारखा दिसतो. तेवढं दुरुस्त करायला मी लागतो. म्हणजे सध्या माझी नोकरी च्छवर टिकून आहे.

मला तेव्हा अण्णांचा तो चोळलेला तुकडा आठवतो. मीही एआयबद्दल म्हणून बघितलं, "हे एक पावसाळा काढणार नाही." म्हणताना आवाज थेट त्यांच्यासारखा आला, म्हणून गप्प बसलो.

*

आता ज्याच्यामुळं हे लिहायला बसलो त्याच्याबद्दल.

त्याला मी मनात 'सातवा' म्हणायचो. एका भावी नगरसेवकांच्या पट्टीत तो डावीकडून सातवा असायचा. दोन वर्षं तिथंच. पांढरा शर्ट, केस मागं फिरवलेले, फोटोसाठी तोंड मिटून धरलेलं हसू. त्याची कापलेली फाइल माझ्याकडं होती, तिचं नावही 'सातवा'च. पहाटे विद्यापीठाच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळायचा, दुपारी अभ्यासिकेत झोपायचा, संध्याकाळी पार्सल पोचवायचा. आमच्याकडं आला की म्हणायचा, "दादा, जरा वर घ्या की. पाचवा तरी करा." मी म्हणायचो, यादी साहेबांकडून येते, मी फक्त लावतो.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या. त्या दिवशी आमच्या मालकांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून शहरातले सगळे भावी जागे झाले. मेच्या मध्यावर या साहेबांचा वाढदिवस होता, त्याचा फ्लेक्स नव्यानं करायचा होता. त्यांच्या माणसाचा मेसेज आला : 'यंदा खाली सहाच घ्या. बाकी काढा.' नव्या सहांत एक बिल्डर, एक माजी नगरसेवकांचा मुलगा, असे लोक होते.

मी जुनी फाइल उघडली. पट्टीतल्या सोळांपैकी चौदा लेयर निवडले आणि डिलीट दाबलं. एक सेकंदसुद्धा लागला नाही. सातवा त्यात होता. तेव्हा मला काही वाटलं वगैरे नाही. पुढच्या फ्लेक्सची घाई होती.

चार दिवसांनी तो दुकानात आला. हेल्मेट काढलं नाही, काच फक्त वर केली.

"दादा, मला काढलं व्हय?"

मी म्हटलं, "यादी वरून आली."

"पन दाबलं तुमीच न्हवं?"

त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. तो खरोखर विचारत होता, ते कसं होतं, कोण करतं. मी म्हटलं, हो, मीच दाबलं. त्यानं मान हलवली. मग खिशातून पाचशेची एक नोट काढून काउंटरवर ठेवली. "एक फ्लेक्स करायचाय. धा बाय आठ. माझा. परवा वाढदिवस हाय. राह्यलेले पुढच्या हप्त्यात देतो."

दहा बाय आठ म्हणजे ऐंशी फूट, नऊशे साठ रुपये. मी म्हटलं, चौकात लावायचा तर परवानगी लागते, विनापरवाना फलक लावणं गुन्हा आहे, १९९५ चा कायदा आहे, हायकोर्टाचे आदेश आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून सतरा माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडं या विषयावर बरंच बोललं जातं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे साहेबांच्या माणसाला सांगितलासा का कधी?"

नव्हतं सांगितलं.

"वर कुणाचं फोटो घ्यायचे?" मी विचारलं.

"कुणाचंच न्हाई. मी एकटा."

"आणि नावापुढं काय लिहू?"

इथं आम्ही दोघंही अडकलो. तुम्ही कधी विचार केलाय का, की तुमच्या नावापुढं फ्लेक्सवर काय येईल? आमच्याकडं तयार शब्दांची यादी असते. युवा नेते, उद्योजक, समाजसेवक, प्रेरणास्थान, भावी अमुक. त्याला एकही बसेना. उद्योजक म्हटलं तर तो हसला. भावी पोलीस म्हटलं तर म्हणाला, "नको दादा, दोनदा राह्यलंय, पोरं चिडवतील." मग म्हणाला, "तुमी लिवता न्हवं ते मोबाइलवर? तुमीच काढा की काहीतरी."

मी खरंच बसलो. रात्री घरी वही घेऊन बसलो. दोन वर्षं लोकांसाठी विशेषणं वाटली आणि या पोरासाठी एक सुचेना. जे खरं होतं ते फ्लेक्सवर चांगलं दिसत नव्हतं, आणि जे चांगलं दिसत होतं ते खरं नव्हतं. 'सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत पळणारा' असंही लिहून बघितलं.

अण्णा ड्युटीवर निघाले होते. माझ्या मागं उभं राहून त्यांनी वही बघितली. "काय लिवालायस?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाव हाय न्हवं त्याला? मग नावच मोठं लिव."

मग, मी न विचारता, त्यांनी माळ्यावरून ब्रश काढला. केस राठ झाले होते, टर्पेंटाइनमधे भिजवावा लागला. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर त्यांनी त्याचं नाव काढलं. पाच अक्षरं, त्यात एक जोडाक्षर. हात कापतो त्यांचा आता, त्यामुळं शिरोरेघ थोडी लाटेसारखी आली. दुसऱ्यांदा काढूया म्हटलं तर म्हणाले, ड्युटीला उशीर होतोय. मी ते तसंच स्कॅन केलं. लाट सरळ करता आली असती, दोन क्लिकचं काम होतं. केलं नाही.

फ्लेक्स असा झाला : पिवळी पार्श्वभूमी, मधे सातवा, कमरेपर्यंत, त्याच जुन्या फोटोतला. फोटो मोठा करताना थोडा फाटला, पण लांबून कळत नव्हतं. खाली अण्णांच्या अक्षरांत नाव. वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. पट्टी नाही. शुभेच्छुक नाहीत. कोपऱ्यात मी अण्णांची जुनी सही बारीक अक्षरांत टाकली. निवडणुकीच्या प्रचारसाहित्यावर छापणाऱ्याचं नाव टाकणं कायद्यानं बंधनकारक आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ. एरवी आमचं नाव कुठं नसतं. हे प्रचारसाहित्य नव्हतं, पण मला वाटलं.

रात्री त्यानं मित्रांना घेऊन तो चौकात लावला. साहेबांच्या वीस बाय दहाच्या शेजारी. सकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. साहेबांच्या शेजारी तो अगदी लहान दिसत होता, पण नाव मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं. कापड दोरीवर वाळत घातल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी तो तिथं नव्हता. बांबू होते, फ्लेक्स नव्हता. साहेबांचा जागच्या जागी, हात जोडून.

मला जो राग आला तो काय सांगू. घरी येईपर्यंत डोक्यात लेख तयार होता. सत्ता कशी एका साध्या पोराचा चेहरासुद्धा सहन करत नाही, वगैरे. शीर्षकही सुचलं होतं. दोन परिच्छेद मोबाइलवर टाइप केले, ते चांगले जमले होते, हे दुःखानं सांगतो. अण्णांना मात्र काही बोललो नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सातवा उरलेले चारशे साठ द्यायला आला. मी म्हटलं, "कुणी काढला रे? साहेबांच्या माणसांनी?"

"न्हाई ओ. मीच काढला."

"का?"

"पाऊस लागला न्हवं." त्या वर्षी मेमधेच मान्सून आला होता, तुम्हाला आठवत असेल. "आई गावाकडं असती. गोठा गळालता. ताडपत्री आनायची म्हटलं तर हजार रुपये. म्हटलं, नऊशे साठचा माल हितं चौकात कशाला भिजवायचा? दोन दिवस बघितला की. बास झालं."

त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. गोठ्याचं छप्पर, वाशांवर ताणून बांधलेला पिवळा फ्लेक्स, आतून काढलेला फोटो. आढ्याला सातवा, उलटा, तोंड मिटून हसणारा. खाली दोन म्हशी आणि एक रेडकू.

"छापलेली बाजू आत घातलिया," तो म्हणाला. "आई म्हनाली, बाहेरनं उन्हानं उडंल. आता म्हशीस्नी रोज दर्शन."

तो खूप हसला. मीही हसलो. मोबाइलवरचे ते दोन परिच्छेद संध्याकाळी पुसले. डिलीटला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

त्याच्याबद्दल मला अजून नीट काही म्हणता येत नाही. चौकात टांगलेला चेहरा माणसाला का हवा असतो हे मला कळतं असं मी वर लिहिलंय. तो दोन दिवसांत पुरेसा कसा होतो, हे मला कळलेलं नाही. साहेबांना तो अजून पुरलेला नाही. मलाही, खरं सांगायचं तर, माझं नाव खाली छापून आलेलं आवडतं. हा लेख छापून आला की मी तो सात वेळा उघडून बघणार आहे. 'अण्णा फायनल' फोल्डरमधे आता त्या नावातली पाच अक्षरंही टाकली आहेत. एकूण नऊ झाली. जोडाक्षरांपैकी एक आलं.

त्या रात्री अण्णा ड्युटीवर निघताना मी त्यांना सांगितलं की तुमची अक्षरं एका गोठ्यावर आहेत. ते बूट घालत होते.

"कंची बाजू वर?" त्यांनी विचारलं.

"कोरी वर, छापलेली आत."

त्यांनी लेस बांधली, डबा उचलला. "मग टिकंल," म्हणाले, आणि गेले.